न धुतलेली भाजी

मुलांनो, गेल्या हिवाळ्यात तुमचे बाबा इथे येऊन गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर मी वाळलेल्या भाजीचा एक पुडा पाठवला होता. त्यावर ठळक अक्षरांत मीच लिहिलं होतं, 'धुवू नये'. अकरा दिवसांनी मीच फोन करून सांगितलं, की उरलेली फेकून द्या. तेव्हा तुमच्यातल्या धाकटीने विचारलं होतं, 'आजी, मग आधी पाठवलीस कशाला?' मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तुमचे बाबा त्या सगळ्याला आजीचा वहीम म्हणतात. आता पुन्हा थंडी पडली आहे, हरभरा वीतभर झाला आहे, आणि यंदा तुम्हाला काय पाठवायचं हे मला याच आठवड्यात ठरवायचं आहे. त्याआधी त्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून ठेवावं म्हणून बसले आहे. एवढं लिहीपर्यंत तीनदा उठून परसात जाऊन आले. का ते पुढे कळेल.

ती भाजी हरभऱ्याची होती. हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांची. मी शहरात वाढले, इंग्रजी घेऊन एम.ए. झाले, आणि लग्नानंतर मोताळ्याला येऊन कॉलेजात तेच शिकवलं. माझ्या माहेरी पालेभाजी तीन पाण्यांतून काढल्याशिवाय शेगडीजवळ जात नसे. तुमच्या आजोबांची आई, म्हणजे माझी सासू, मुलाला नोकरी लागेपर्यंत लोकांच्या वावरात मजुरीला जात असे. माझ्या पहिल्या हिवाळ्यात तिने पदराच्या गाठोड्यात बांधून ही भाजी आणली आणि मी कुणाला न विचारता ती नळाखाली धरली. तीन पाणी झाली. मग लसूण-मिरचीच्या फोडणीत शिजवून ताटात वाढली. सासरे दोन घास खाऊन म्हणाले, मेथी आहे का. मी गोंधळले. सासूने बोटाने चव घेतली.

"धुतली का काय वं ते," ती म्हणाली. "तिची आंब तं सारी नालीत गेली. आता इंग्रजी वाचून दाखव तिले, पाह्य आंबट होते का."

हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते आणि त्या लवेवर आंबट दव साचतं. तीच आंब. सकाळी हरभऱ्यातून चालून आलं तर पाय चरचरतात. खुडणाऱ्या बायकांची बोटं फाटतात, म्हणून त्या बोटांना चिंध्या बांधतात. पान धुतलं की ती आंब जाते, आणि उरतो तो नुसता पाला. सासूने मला नंतर सगळं शिकवलं. शेंडा नखाने खुडायचा, दोन पानांच्या वर. खुडलं की झाडाला बाजूने फांद्या फुटतात आणि घाटे, म्हणजे शेंगा, जास्त लागतात, त्यामुळे वावराचा मालक खुडणारीला अडवत नाही. खुडलेली भाजी तिची. ताजी असेल तर बारीक चिरून कांदा, तिखट, मीठ आणि कच्चं तेल घालून घोळाणा करायचा, गरम भाकरीबरोबर. वाळवायची असेल तर सावलीत, सुती लुगड्यावर, चार-पाच दिवस. मग हाताने चुरून डब्यात. उन्हाळ्यात बाजारात धड भाजी नसते, तेव्हा मूठभर काढून तुरीच्या डाळीत शिजवायची, वर जरा ज्वारीचं पीठ लावायचं.

तुम्ही दोघांनी दूध-तूप सोडल्याचं कळवलंत, तेव्हा तुमची आई काळजीत होती की आता आजीकडे आले की खाणार काय. मला हसू आलं. सासूच्या घरात तूप सणावाराला दिसे. रोजचं ताट म्हणजे भाकरी, ठेचा आणि वावरातला पाला. मी लगेच पुडा भरला.

मोताळ्याच्या आठवडी बाजारात एक बाई बसते. नळगंगा नदीच्या बाजूच्या एका खेड्यातून येते, काळीपिवळी जीपने, पाटी मांडीवर घेऊन. थंडीत तिच्याकडे हरभऱ्याची भाजी असते, ती स्वतः खुडते. कित्येक वर्षं मी तिच्याकडूनच घेत आले. ती मला मॅडमबाई म्हणते. पुडा पोचल्यानंतरच्या बाजारात मी तिला सांगायला गेले, की तुझी भाजी परदेशात पोचली. ती खूश झाली आणि बोलता बोलता म्हणाली, आता ती त्या वावरातली भाजी आणत नाही, मालकाने अळीचं औषध फवारलं आहे.

मी विचारलं, कधी.

"झाले असतीन बारा-पंधरा रोज. आमच्या पोरीले पाहाले पाहुणे आले होते, त्याच्या आधी." मग थांबून म्हणाली, "नाही, मंगच फवारलं वाटते."

मी तिच्याकडून भाजी घेतली त्याला त्या दिवशी बरोबर चौदा दिवस झाले होते.

आता मी जी चूक केली ती लिहिते. मी घरी येऊन फोन करायला हवा होता. एका वाक्याचं काम होतं. पण जन्मभर मी मुलांना सांगत आले की आधी खात्री करा, मग बोला. मी कॅलेंडर काढलं. पाहुणे कोणत्या दिवशी आले होते हे विचारायला दुसऱ्या दिवशी तिच्या गावी गेले, तर ती मजुरीला गेलेली. तिच्या सुनेने दोन वेगळे दिवस सांगितले. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन थेट त्या वावराच्या मालकाकडे गेले. त्याने खुर्ची टाकली, चहा मागवला, त्याचा पुतण्या माझ्याच हाताखाली शिकल्याचं सांगितलं. फवारणीची तारीख त्याला आठवत नव्हती. आठवण्यासारखं त्यात काही आहे असंही त्याला वाटत नव्हतं. एवढ्यानं काय होते, तो म्हणाला, अख्खं गाव खाऊन राह्यलं.

निघताना मी विचारलं, तुमच्या घरी ही भाजी होते का.

"हाव, होते ना. घरच्यासाठी इहिरीजवळच्या चार ओळी सोडतो आम्ही. तिथं नाही मारत."

त्याने हात करून त्या ओळी मला दाखवल्यासुद्धा. त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटलं नाही.

तो रविवार होता. त्याच दिवशी तुमच्या घरी ती भाजी दुसऱ्यांदा शिजली. हे मला सोमवारी फोन केला तेव्हा तुमच्या आईकडून कळलं. ती कौतुकाने सांगत होती की मुलांनी पहिल्यांदा बोटं चाटून पालेभाजी खाल्ली, आणि मी इकडून म्हणत होते की टाकून दे. तुम्हाला काही झालं नाही. पुढेही काही झालं नाही. तारीख मला आजपर्यंत कळलेली नाही. पण त्यानंतरचे दोन-तीन आठवडे मी जागेवर बसले नाही. डबे काढून पुसले, परत लावले. फोनवर तुमचा आवाज जरा बसका वाटला तरी संध्याकाळी पुन्हा फोन लावी. तुमची आई चिडायची नाही, पण 'बरी आहेत हो दोघं' हे ती मी विचारायच्या आधीच सांगायला लागली.

पुढच्या बाजारात मी त्या बाईसमोर उभी राहिले आणि मास्तरणीच्या आवाजात तिला विचारलं, की तिला ठाऊक असतं तर तिने ती भाजी विकली असती का. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. ती पाटीमागून उठली नाही.

"मी तुमाले जहर देईन का?" ती म्हणाली. "तेच भाजी माह्या घरी शिजली. माह्या नातवानं खाल्ली. तुमचे नातू तेवढे नातू का, मॅडमबाई?"

त्या तीन दिवसांत मी तिच्या दारापर्यंत जाऊन आले होते, तिचा नातू अंगणात खेळताना पाहिला होता, आणि त्याच्या ताटात काय असेल हा विचार मला शिवला नव्हता. तेव्हा मी तिला त्या चार ओळींचं सांगितलं. तिला ते ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं ती त्या वावरात खुडत होती, खुडण्याने पीक त्याचं वाढत होतं, आणि विहिरीजवळच्या ओळींना हात लावायचा नाही हे तिला सांगितलेलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. मग तिने पाटीवर फडकं टाकलं आणि बाजार भरात असताना उठून गेली.

त्यानंतर त्या हिवाळ्यात आम्ही बोललो नाही. मी दुसरीकडून मेथी घेई. एकदा मी तिच्यासमोरून जाताना ती शेजारणीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "मॅडमबाईले सांगजो वं, मेथी धुवून घ्या म्हणा." मी घरी येऊन ती मेथी चार पाण्यांतून काढली आणि मग ती शिजवावीशी वाटेना.

या वर्षी दसरा झाल्यावर ती आमच्या मागच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. पदरात बारीक, तांबूस, गावरान हरभरा होता, तिच्या भावाकडचा. तिने आत पाऊल टाकण्याआधी परस पाहून घेतलं. शेवगा, कढीपत्ता, वांग्याची चार झाडं, आणि तुमच्या आजोबांनी गुलाब लावले होते ती रिकामी जागा.

"जागा तुमची, बी माहं," ती म्हणाली. "अर्धं तुमचं, अर्धं माहं. खुडाले मी येईन. तुमाले नाही जमत ते."

चार वाफे केले. ती म्हणाली तसंच झालं. पहिल्या खुडणीला मी अख्खं झाड उपटलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ते झाड परत रोवून ठेवलं. जगलं नाही ते. आता ती दर चार दिवसांनी येते, तिच्या दोन वाफ्यांतली भाजी नातवासाठी नेते. विकत नाही.

कुंपणापलीकडे दुसऱ्याची कपाशी आहे. तिथे फवारणीचा पंप सुरू झाल्याचा आवाज आला की मी धावत जाऊन चारही वाफ्यांवर चादरी घालते. आजही मघाशी तीनदा उठले ती त्यासाठी. दोनदा तो पंप नव्हता, रस्त्यावरची फटफटी होती. वारा इकडून तिकडे वाहतो, की तिकडून इकडे, हे मी ओलं बोट वर करून पाहते. ती पहिल्यांदा ते बघून म्हणाली, झाडांले पांघरूण घालता का आता. दुसऱ्यांदा तिने चादरीचं दुसरं टोक धरलं. चादर पुरेशी आहे की नाही, हे मला माहीत नाही. तिलाही नाही.

माझी सासू पोट दुखलं की एक करायची. संध्याकाळी हरभऱ्यावर पातळ धुवट कापड पसरून ठेवायचं, सकाळी ते वाटीत पिळायचं आणि चमचाभर प्यायचं. परवा मी तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा काढला आणि माझ्या वाफ्यावर पसरला. सकाळी पिळला तर अर्धा चमचा पाणी निघालं, मळकट. जिभेला लावलं. चरचरलं.

तेव्हा यंदाचा पुडा लहान असेल, आणि तो बाजारातला नसेल. त्यावर 'धुवू नये' असं पुन्हा लिहायचं की नाही, हे अजून ठरलं नाही. पेन हातात घेते आणि ठेवते. ते तुम्हाला पुडा आला की दिसेलच.

आज आहे ते एवढं. परसात चार वाफे हरभरा आहे, त्यातले दोन तिचे. लुगड्याच्या तुकड्यावर सावलीत दोन मुठी भाजी वाळते आहे. ती आंबट आहे.