आंब्याखालची सावली

निसर्गचित्रणाच्या शिबिरांत एक गृहस्थ दरवेळी भेटतात. फौजेतून निवृत्त झालेले, मिशा कडक, पण ब्रश अगदी हलक्या हातानं धरतात. अख्खं चित्र रंगवून होतं, तरी झाडाखालची जागा मात्र कोरीच असते. पाटणच्या शिबिरात मी न राहवून कारण विचारलं.

"खाली कोन हाय ते कळल्याबिगर रंग कसा भरू?" असं म्हणून ते उठले आणि सरळ ओढ्यापलीकडच्या आंब्याकडं चालत निघाले. परतले तेव्हा आमचं सामान आवरून झालं होतं.

"म्हातारी बसलीया, शेरडं घिऊन," म्हणाले आणि त्यांनी तिथं गडद निळी सावली भरली.

"मग म्हातारी कुठाय?"

"आवं, सावलीत हाय की!"

साताऱ्याच्या प्रदर्शनात लोक त्या चित्रातला डोंगर बघत होते. मी म्हातारी शोधत उभा होतो.