हातात न दिलेली माती

बेलिफानं आमच्या शेतातलं ढेकूळ उचललं आणि माझ्या पायाशी टाकलं.

"घे. मिळाला तुला ताबा. अंगठा कर."

कोर्टाचा निकाल लागला की बेलीफ शेतावर येतो. हलगी वाजते. पंचांसमोर तो जिंकलेल्याच्या हातात तिथली माती देतो, तेव्हा जमीन त्याची होते. लहानपणापासून मी हे लांबून पाहत आलो होतो. माझ्या वेळी माती जमिनीवरून उचलली आणि जमिनीवरच टाकली. मी महार.

आमचं गाव हातकणंगल्याजवळ. बाप गेला आणि पाटलानं आमच्या तुकड्यात नांगर घातला. मी कोल्हापूरला जाऊन दावा लावला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मला ती चढूच दिली नाही. साक्ष दिली ती खिडकीबाहेर उभं राहून. मी बोलायचो, कारकून तेच आत पुन्हा सांगायचा, न्यायाधीश लिहून घ्यायचे. त्याच भिंतीवर महाराजांचा हुकूम चिकटवलेला होता. कचेरीत शिवाशीव पाळायची नाही. साक्ष देता देता मी तो वाचत होतो.

निकाल माझ्या बाजूनं लागला. न्यायाधीशांनी कागद नीट पाहिले, खोटं कशाला बोलू? फक्त मला पाहिलं नाही.

आणि आता हे ढेकूळ.

पाटील बांधावर उभा राहून मिशीतल्या मिशीत हसत होता. हलगी थांबली. थोरला भाऊ कानाशी आला.

"उचल रं. माती ती माती. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

मी वाकलो. खरं सांगतो, वाकलो होतो. पेरणी तोंडावर आली होती. तेवढ्यात बेलिफानं ताब्याची पावती पुढं धरली. शाई कधीच वाळलेली. कचेरीतनंच लिहून आणलेली. शाळेच्या ओट्यावर बसून मी चार बुकं शिकलोय, हे त्याच्या गावीही नव्हतं. मी वाचलं. 'पंचांसमक्ष वादीच्या हातात माती देऊन ताबा दिला.'

मी सरळ उभा राहिलो.

"सायब, ह्यात हातात दिली म्हणून लिवलंय. हातात द्या."

"तुझ्या हातात?"

"माझ्याच की. दावा मी जिंकलोय न्हवं?"

पंच खाली पाहू लागले. बेलिफानं ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'वादीने ताबा घेण्यास नकार दिला.' संध्याकाळची गाडी धरून तो निघून गेला.

पेरणी पाटलानं केली.

भाऊ बोलेनासा झाला. त्याची पोरं हाक मारली तरी येईनात. "लई शाणा झालाय," म्हणून महारवाडाही तोंड फिरवायला लागला. एकटाच चूल पेटवायचो, एकटाच जेवायचो. जेवताना रडू यायचं. एका ढेकळापायी बापाची जमीन घालवली, असं मलाही वाटायचं.

शेवटी चालत कोल्हापूर गाठलं. ताबा पुन्हा द्यावा, असा अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला होता.

कारकून खिडकीतून म्हणाला, "तूच नाकारलास. आता काय पाहिजे?"

मी खिडकीशी थांबलो नाही. दारानं आत गेलो. शिपाई ओरडला. न्यायाधीशांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"मी नाकारला न्हाई, सायब. दिलाच न्हाई. निकाल तुमचा हाय. तुमच्या माणसानं तो भुईवर टाकलाय."

शिपायानं मला बाहेर काढलं. अर्ज मात्र आत राहिला. आता त्यावर तारखा पडतात. दर तारखेला मी एकटा जातो, दारानंच आत जातो, आणि ते मला बाहेर काढतात.

बेलिफाला पुन्हा यावंच लागेल. हा नाहीतर दुसरा. तो वाकेल, ढेकूळ उचलेल, माझ्या तळहातावर ठेवेल. त्यानंतरच पावतीवर माझं नाव येईल. अंगठा नाही. सही.