योहानच्या मयतीचा लाल झगा

माझा हा गाढवपणा मी सहसा कोणाला सांगत नाही. पण तुम्ही चहा पाजलाय, तर ऐका.

नांदगाव खंडेश्वरकडच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये फादरांचे मिस्साचे, म्हणजे उपासनेच्या वेळी घालायचे, झगे काढून द्यायचं काम माझ्याकडे होतं. झग्याच्या प्रत्येक रंगाला अर्थ असतो बरं का. एरवी हिरवा, सणाला पांढरा, मयतीला जांभळा. आणि लाल रक्तसाक्ष्यांचा, म्हणजे श्रद्धेपायी जीव देणाऱ्यांचा. रंग मोजून चार, त्यातही मी घोळ घातला.

त्या वर्षी कपाशीवर अळी पडली होती. आमचा योहान दुसऱ्यांच्या शेतात रोजानं फवारणी करायचा. एका दुपारी पाठीवर पंप असतानाच पडला, तो उठलाच नाही. गाव म्हणालं, पिऊन होता. योहाननं जन्मात दारूला हात लावला नव्हता.

मयतीच्या सकाळी लोडशेडिंग. झग्यांच्या खोलीला खिडकी नाही. मी चाचपडत एक काढला आणि फादरांच्या अंगावर चढवला. फादरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांचा सगळा भरवसा माझ्यावर. बाहेर उजेडात आलो तर काय, फादर लालभडक! समोर शवपेटी, लोक उभे. आता थांबवायचं कसं? मी घंटा वाजवत राहिलो, लोक कुजबुजत राहिले.

माती देऊन झाल्यावर योहानची बायको मार्था सरळ माझ्याकडे आली. "भाऊ, आज लाल कावून?"

चूक झाली म्हणायचं की नाही? पण माझ्या तोंडून निघालं, "वैनी, लाल रंग रक्तसाक्षीचा असते. योहान लेकरायसाठी राबता राबता गेला. म्हून लाल."

ती मान हलवून घराकडे वळली. गोष्ट मात्र घरोघर पोचली. पुढच्या महिन्यात म्हातारा फिलिप तापानं गेला, तर त्याचे मुलगे अडून बसले, आमच्या बापालेही लालच पाहिजे. जांभळा म्हणजे जणू अपमान! फादर चक्रावले. शेवटी मी सगळं कबूल केलं. त्यांनी प्रायश्चित्त दिलं, आधी मार्थाकडे जाऊन खरं सांग.

गेलो. ती ओसरीत तूर निवडत होती. मी खाली मान घालून सांगून टाकलं.

"मले त्याच दिवशी समजलं होतं, भाऊ," ती सुपातून नजर न काढता म्हणाली. "तुमाले खोटं बोलता येतच नाही. पण त्या दिवशी सारं गाव त्याले बेवडा म्हणे. चांगलं बोलले ते तुमी एकलेच."

महिनाभर मी समजत होतो की मी तिला सावरलं. ती मात्र गप्प राहून माझी अब्रू झाकत होती.