वेंडेलचे दोन बदाम

लोरीन टॅकेटनं अमेरिकेतल्या रिनो शहरात सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर तिनं आणि शेजारच्या वेंडेलनं पोकरच्या पाच दिवसांच्या स्पर्धेत नाव घातलं. रोज बारा तास खेळायचं. पत्त्यांइतकाच पाठीचा आणि डोळ्यांचा कस. वेंडेल फ्रिज दुरुस्त करायचा. हिवाळाभर तो उकडलेली अंडी घेऊन तिच्याकडे सरावाला यायचा.

"पाठ दुखतेय का गं, म्हातारे?"

"तुझी बडबड थांबली की बरी होईल."

चौथ्या दिवशी दुपारी नऊशेंपैकी तीसच जण उरले आणि ही दोघं एका टेबलावर शेजारीशेजारी आली. पत्ते मी वाटत होतो. वेंडेलनं एका डावात जवळजवळ सगळ्या चकत्या पुढे सारल्या. टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पाच पत्त्यांत तीन बदाम होते. लोरीननं आपल्या दोन जोड्या दाखवल्या.

वेंडेलनं लाल डोळ्यांनी हातातले पत्ते पाहिले. "छे! एक चौकट निघाली. घे, तुझाच डाव."

त्यानं पत्ते पालथे टाकले. टाकताना ते लोरीनला दिसले. दोन्ही बदाम होते. टेबलावरचे तीन धरून पाच बदाम, म्हणजे दोन जोड्यांवर भारी. डाव त्याचा. दुसऱ्याच्या पत्त्यांबद्दल बोलायचं नाही, असा नियम आहे. ती गप्प बसली आणि मी पत्ते गोळा केले. अर्ध्या तासात वेंडेल स्पर्धेतून बाहेर पडला. लोरीन अकरावी आली.

त्यानंतर वेंडेल कधी खेळलाच नाही. "डोळे गेले, डोकं गेलं," असं सगळ्यांना हसत सांगायचा. ती ऐकून घ्यायची. नऊ वर्षं.

शेवटी एका सकाळी कॉफी पिताना तिनं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," वेंडेल म्हणाला. "गाडीपर्यंत पोचायच्या आधीच मला आठवलं, दोन्ही बदामच होते. आणि तू माझ्या हाताकडे बघत होतीस."

"मग बोलला का नाहीस?"

"डावाचं काही नाही गं. नियम तो नियम. पण मी स्वतःला म्हातारा, आंधळा म्हणत राहिलो आणि तू एकदाही म्हणाली नाहीस, 'वेंडेल, तसं नाही रे.'"

त्यानं कप धुऊन ठेवला. वसंतात तो मुलीकडे शेजारच्या आयडाहो राज्यात राहायला गेला. लोरीननं दोन पत्रं पाठवली. तिनं हे मला सांगितलं तेव्हा तिसरं लिहायला घेतलं होतं, आणि 'प्रिय वेंडेल'च्या पुढे काय लिहावं, ते तिला सुचत नव्हतं.