टाकीचं झाकण

नवरा दीपेश मोटारसायकल ढकलत चढ चढून आला तेव्हाच रेश्मानं ओळखलं, आज मार आहे. उमरठच्या वर डोंगरात त्यांची लहानशी वाडी. भातकापणीचे दिवस, माणसं सगळी खाली शेतावर. घरी ती आणि तापानं पडलेली सासू बयाबाई, एवढ्याच.

मुंबईतलं वॉचमनचं काम सुटल्यापासून दीपेश घरीच होता आणि कशावरूनही हात उचलायचा. अंगणात त्यानं गाडी स्टँडला लावली.

"काल तू चालवलीस ना गाडी?"

"नाय."

"मग मधेच बंद कशी पडली?"

उत्तराला न थांबता त्यानं तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. ती पडल्यावर कमरेत लाथा घातल्या. तिनं फोन काढला, तर तो हिसकून दगडावर ठेचला.

बयाबाई अंथरुणातून उठून मध्ये आली. "मरंल रे ती. सोड तिला."

त्यानं भिंतीशी उभा असलेला कुदळीचा दांडा उचलला. पहिला घाव बयाबाईच्या हातावर बसला, दुसरा डोक्यात. हाड मोडल्याचा आवाज रेश्मानं ऐकला. म्हातारी जागीच खाली बसली. पांढऱ्या केसांतून रक्त मानेवर उतरलं.

दीपेश दांडा घेऊनच वळला. मग ओटीवर जाऊन बाटली उघडून बसला.

"आयेला दवाखान्यात न्यायला पायजे," रेश्मा म्हणाली.

"ने की. गाडी मेलेली हाय. उचलून ने."

रेश्मानं पदर फाडून सासूचं डोकं आवळून बांधलं आणि ती गाडीकडे गेली. लग्नाआधी ती पोलादपूरला, भावाच्या गॅरेजमागच्या खोलीत राहायची. भाऊ सहदेव सांगायचा, गाडी चालू होत नसंल तर आधी दोनच गोष्टी बघ, ठिणगी पडते का आणि पेट्रोल येतं का.

तिनं किक मारली. इंजिन फिरलं, पण धरलं नाही. टाकी हलवली, तर आत पेट्रोल डुचमळलं. सीटखालची हत्यारं काढून तिनं प्लग खोलला. प्लग कोरडा होता. तो वायरीला लावून इंजिनाला टेकवला, पुन्हा किक मारली. निळी ठिणगी पडली. म्हणजे पेट्रोलच पोचत नव्हतं. कार्बोरेटरची नळी ओढून काढली, तर थोडे थेंब गळले आणि थांबले. हात रक्तानं बुळबुळीत झालेले, पाना सटकत होता. मागे बयाबाई कण्हत होती.

रेश्मानं टाकीचं झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत गेली आणि नळीतून पेट्रोलची धार लागली.

तिनं झाकण उलटं करून पाहिलं. पावसाचं पाणी टाकीत जातं म्हणून दीपेशनं स्वतःच झाकणाच्या बारीक भोकात भेगा बुजवायची लांबी भरली होती. हवेला वाट नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. त्याचं खापर तिच्यावर फोडून त्यानं तिला तुडवलं होतं, आणि आई मरायला टेकली होती. रेश्माच्या अंगातून आग निघाली. बांगडीतली पिन काढून तिनं लांबी कोरली, नळी लावली, प्लग आवळला आणि किक मारली. गाडी धरली.

आवाज ऐकून दीपेश दांडा घेऊन उठला. "कुठं चाललीस गो?"

एरवी ती दोन्ही हातांनी डोकं झाकायची. आज तिच्या हातात पाना होता. दांडा खांद्यावर झेलत ती पुढे घुसली आणि त्याच्या गुडघ्यावर पाना हाणला. तो ओरडत कोसळला, तसा मनगटावर हाणला. दांडा सुटला. तिसऱ्यांदा तिचा हात त्याच्या डोक्यावर उगारलेला होता.

"नको गो," बयाबाई म्हणाली. "मला ने."

रेश्मानं सासूला मागे बसवून लुगड्यानं आपल्या पाठीशी बांधलं. उतारभर म्हातारीचं डोकं तिच्या मानेवर आपटत होतं, आणि ती सारखी म्हणत होती, "आये, बोलत ऱ्हावा." पोलादपूरला टाके पडले, तिथून अँब्युलन्सनं महाडला नेलं.

हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा खाटेशी बसलेल्या सहदेवला वाटलं, म्हातारी पाय घसरून पडले म्हणेल. आई ती. बयाबाईनं पाणी मागितलं, प्यायली आणि म्हणाली, "माझ्या ल्योकानं मारलं. सुनेला पन मारलं, रोज मारायचा. मी गप बसायची, ते पन लिवा."

आता दोघी पोलादपूरलाच राहतात. बयाबाईचा हात कोपरात नीट वळत नाही, भाकरी रेश्माच करते. दिवसा ती सहदेवच्या गॅरेजवर असते. जामिनावर सुटलेला दीपेश एकदा लंगडत तिथं आला. आईला म्हणाला, "घरी चल, आये." बयाबाईनं पायातली चप्पल काढून चांगल्या हातानं त्याच्या तोंडावर मारली. त्यानं हात उचलला नाही. ती मारत राहिली, आणि रेश्मानं तिला अडवलं नाही.