रुद्रसागराच्या काठापर्यंत

विमान ढगांखाली उतरले आणि आगरताळ्याभोवतीची तळी दिसू लागली. प्रत्येक घरामागे एक तळे आणि दोन घरांच्या मध्ये पुन्हा एक. खानापूरसारख्या दुष्काळी तालुक्यात वाढलेल्या माणसाला इतके पाणी एका नजरेत पाहण्याची सवय नसते. मी खिडकीतून तळी मोजू लागले. चाळिसापर्यंत पोहोचण्याआधीच चाके धावपट्टीला लागली.

त्रिपुरा हे राज्य नकाशावर बांगलादेशाच्या कुशीत शिरल्यासारखे दिसते. आपल्याकडून तिकडे सहलीला सहसा कुणी जात नाही. मीही सहलीला गेले नव्हते. पदार्थविज्ञानातला माझा एक निबंध तिथल्या परिषदेत वाचायचा होता आणि त्या निबंधावर माझ्या पुढच्या शिष्यवृत्तीची बरीच भिस्त होती. परिषद दोन दिवसांची होती. तिसरा दिवस मी मुद्दाम मोकळा ठेवला, कारण माझे चुलते तात्या आणि काकी आगरताळ्यातच राहत होते.

आमच्या विट्याकडची माणसे देशातल्या कुठल्याही शहरात सराफांच्या मागच्या गल्लीत सापडतात. जुने सोने वितळवायचे, तेजाबात घालून शुद्ध करायचे आणि सराफाला परत द्यायचे, हा त्यांचा गलाईचा धंदा. तात्यांनी तो त्रिपुरात तेवीस वर्षे केला. त्या डिसेंबरात ते दुकान दुसऱ्या एका गलाईवाल्याच्या हाती सोपवून दोघेही कायमचे गावी परतणार होते. माझे विमान शनिवारी सकाळी होते, त्यांची रेल्वे रविवारी. शुक्रवार तेवढा आमचा होता.

परिषदेचे दोन्ही दिवस पडदे ओढलेल्या सभागृहात गेले. बाहेर पडावे तर सहा वाजून गेलेले आणि रस्त्यावरचे दिवे लागलेले. निबंध चांगला झाला, प्रश्नही बरे आले. गुरुवारी संध्याकाळी त्याच समाधानात मी तात्यांच्या बिऱ्हाडी पोहोचले.

खाली दुकान आणि वर एक खोली. दोन पत्र्याच्या ट्रंका, घडीची खाट, दोरीवर वाळत घातलेले कपडे. तेवीस वर्षांच्या संसारात कपाट म्हणून नव्हते. मी तसे म्हटल्यावर तात्या हसले.

"आगं, कपाट घेतलं की मानूस मुक्कामी हुतो. आपलं घर गावाकडं हाय न्हवं?"

गावाकडचे घर मला ठाऊक होते. तीन मजली, वर संगमरवरी फरशी, आणि वर्षातले अकरा महिने कुलूप. आमच्या भागातल्या सगळ्याच गलाईवाल्यांची हीच रीत आहे. जिथे राहायचे तिथे उचलता येईल एवढेच सामान ठेवायचे, आणि जिथे राहायचे नाही तिथे घर बांधायचे.

"मग त्रिपुरात पाहिलं तरी काय तुम्ही?" मी विचारले.

"आमी कमवाय आलोय का बगाय?" तात्या म्हणाले. "भट्टी सोडून कुठं जायाचं? यात्रंला गावी जायाचं, माघारी यायाचं. झालं."

काकी तव्यावर भाकरी उलटत होती. ज्वारीचे पीठ गावाहून पार्सलने येते. पाठ न वळवता ती म्हणाली, "मला त्यो पान्यातला म्हाल तेवढा बगायचा हुता."

"तेवीस वरसं ह्येच ऐकतोय," तात्या माझ्याकडे पाहून म्हणाले.

"आन् मी तेवीस वरसं 'फुडच्या साली, फुडच्या साली' ऐकतीया. आता रईवारी गाडीत बसल्याव कुटली फुडची साल वो?"

तात्यांनी ताटे मांडायला घेतली. हा महाल म्हणजे नीरमहाल. मेलाघर गावाजवळ रुद्रसागर नावाचा विस्तीर्ण जलाशय आहे आणि तिथल्या राजाने उन्हाळ्यात राहण्यासाठी त्याच्या मधोमध पांढरा राजवाडा बांधला. नावेशिवाय तिथे जाता येत नाही. लग्न होऊन काकी पहिल्यांदा इकडे आली तेव्हा वाटेत गाडीतच तात्यांनी तिला त्याच्याविषयी सांगितले होते. तिच्या माहेरी, आटपाडीकडे, तेव्हा पिण्याचे पाणी टँकरने येई. "म्हणलं, आमी घागरीसाठी भांडतोय आन् ही मानसं पान्यात घर बांधत्यात. खरं वाटना मला. डोळ्यानं बगितल्याबिगार कशाला खरं वाटंल?"

"उद्या मी तुला नेते," मी म्हणाले.

जेवणानंतर मी कागदावर वेळापत्रक आखले. सकाळी उदयपूरजवळचे त्रिपुरसुंदरीचे मंदिर, मग छबीमुरा (गोमती नदीच्या कड्यांवर कोरलेली शिल्पे), आणि परतताना शेवटी नीरमहाल. काकीने कागद दिव्याजवळ धरून पाहिला. वाचता तिला बेताचेच येते.

"पोरी, म्हाल आदी केला तर?"

अंतर दोन्हीकडून सारखेच होते. प्रश्न प्रकाशाचा होता. सकाळी तलावावर धुके असते, मी तिला समजावून सांगितले, आणि संध्याकाळी उन्हाची तिरीप पांढऱ्या भिंतींवर पडते, तेव्हा छायाचित्रे उत्तम येतात. आपण चार-साडेचारला पोहोचू, तासभर आत फिरू, सूर्यास्त पाहून निघू.

"बरं," काकी म्हणाली. "तू म्हनशील तसं."

शुक्रवारी पहाटे भाड्याची मोटार आली. चालक स्वपनदा पन्नाशीचे, बंगाली वळणाची हिंदी बोलणारे. काकीने ठेवणीतले हिरवे लुगडे नेसले होते आणि पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली घेतली होती. तात्या दुकानातच थांबणार होते. "बगून ये समदं," ते तिला म्हणाले, आणि मग उगाचच मोटारीच्या चाकाला पाय लावून हवा पाहिली.

रस्ता रबराच्या बागांतून जातो. प्रत्येक झाडाला छातीएवढ्या उंचीवर तिरपा चर आणि खाली चिकाची वाटी. त्रिपुरसुंदरीचे मंदिर बुटक्या टेकडीवर आहे. नैवेद्याला तिथले पेढे, आपल्या कंदी पेढ्याहून पांढरे आणि ओलसर. मागच्या तळ्यात मोठी कासवे आहेत. काकीने त्यांना मुरमुरे टाकले आणि एक म्हातारे कासव तोंड उघडून वर आले तेव्हा ती मोठ्याने हसली. "आमच्या शेजारचं आण्णा दिसत्यात बग!"

अमरपूरच्या एका भाताच्या खाणावळीत दुपारचे जेवण झाले. मी गुदोक (सुका मासा घालून घोटलेली भाज्यांची आमटी) मागवली. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आले, तिसऱ्याला आवडू लागली. काकी माळकरी. तिने पिशवीतली भाकरी काढली आणि मालकिणीशी बांबूच्या कोंबांच्या भाजीविषयी बराच वेळ बोलत बसली. बोलणे सबंध बंगालीत चालले होते. तिला इतके अस्खलित बंगाली येते हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हते. कुणी विचारलेच नव्हते.

छबीमुऱ्याला नदी अरुंद आहे आणि दोन्ही बाजूंना जंगलाने झाकलेले उभे कडे. यांत्रिक नाव एका वळणावर थांबते आणि समोर कड्यावर देवी दिसते, दोन-अडीच मजली उंचीची, दशभुजा. पाण्यावरून वर चढायला वाट नाही. कारागिरांनी वरून दोरीचे पाळणे सोडून काम केले असेल, असा मी तर्क केला. मग नावाड्याने पुढे आणखी काही मूर्ती असल्याचे सांगितले. त्या वेळापत्रकात नव्हत्या, पण इतक्या लांब पुन्हा कोण येणार? आम्ही पुढे गेलो. येताना नावेच्या पंख्यात वेल अडकला आणि तो सोडवण्यात अर्धा तास गेला.

काठावर स्वपनदा वाट पाहत उभे होते. "दीदी, अब चलिए. बेला नहीं है." (वेळ उरला नाही.)

मी घड्याळ पाहिले. अडीच वाजत होते. मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी तो पाहिला, मग आभाळाकडे पाहिले आणि मोटार सुरू केली. मला ते जरा अतिसावध वाटले.

साडेतीनच्या सुमारास उदयपूर मागे पडले तेव्हा शेतांवरच्या केळींच्या सावल्या फारच लांब झाल्याचे माझ्या लक्षात आले. ऊन नारिंगी झाले होते. हवेत धूळ असावी, असे स्पष्टीकरण मी मनाशी दिले. चार वाजता सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला. धुळीने सूर्य खाली येत नाही.

मग मी नववीच्या भूगोलातले गणित केले. रेखांशाच्या प्रत्येक अंशाला चार मिनिटे. विट्यापासून इथवर सुमारे सतरा अंश, म्हणजे अडुसष्ट मिनिटे. शिवाय हे ठिकाण आपल्याहून उत्तरेला आणि महिना डिसेंबर, म्हणजे दिवस आणखी लहान. घड्याळ सगळ्या देशाला एकच असले तरी सूर्य घड्याळ पाहून मावळत नाही. मी सूर्यास्त गावाकडचा, सहाचा, धरला होता. मी, पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी.

"थोडं जोरात," मी स्वपनदांना म्हणाले. त्यांनी वेग वाढवला.

मेलाघरच्या घाटावर पोहोचलो तेव्हा सूर्य बुडाला होता. नावा काठाला ओळीने बांधलेल्या होत्या आणि एक नावाडी शेवटच्या नावेतले पाणी उपसत होता. दूर, पाण्याच्या मधोमध, महाल होता. त्याचे घुमट आणि कमानी अजून ओळखू येत होत्या, पण पांढरा रंग गेला होता.

"आज आर होबे ना, माशी." (आज आता व्हायचं नाही, मावशी.) नावाडी काकीला म्हणाला.

काकी पदर सावरून पायऱ्या उतरली आणि त्याच्याशी बोलू लागली. मला तुटक शब्द कळले. रोबिबार (रविवार). ट्रेन. तेइश बछर (तेवीस वर्षे). त्याने उपसणे थांबवून ऐकून घेतले. मग महालाकडे हात करून, मलाही कळावे म्हणून मोडक्या हिंदीत, सांगितले की तिथले दार लागले आहे, रखवालदार घरी गेला आहे, आणि अंधारात माणसे नेली तर त्याचा परवाना जाईल. बोलताना त्याने दोनदा हात जोडले.

काकी परत आली आणि पायरीवर बसली. मी शेजारी बसले.

"काकी, इथं पाचच्या आत अंधार पडतो हे तुला माहीत होतं?"

"म्हंजी काय? रोज साडेचारला दिवा लावतीया की मी."

"मग काल बोलली का नाहीस?"

"म्हणलं हुतं की, आदी करू म्हनून." तिच्या आवाजात राग नव्हता. "तू कागदाव समदं लिव्हल्यालं. म्हणलं, शिकल्याली पोर हाय, तिनं हिशेबात धरलं आसंल. आमी काय, भट्टीम्होरची मानसं."

"आणि नदीवर? तिथंही कळलं असेल तुला."

"तिथं कळलं. पर तू लय खुशीत हुतीस मूर्ती बगण्यात."

समोर महालाची कड हळूहळू पाण्यात मिसळली. काकी ते शेवटपर्यंत पाहत राहिली. मी गळ्यातला कॅमेरा पिशवीत ठेवला.

थोड्या वेळाने ती उठली आणि लुगडे झटकले. "चल. तुज्या तात्यान्ला सांगू नगंस. जिवाला लावून घेत्याल त्ये. बगितला म्हनू."

आम्ही तसेच सांगितले. तात्यांनी विचारले, "कसा हाय?" काकी म्हणाली, "लय मोटा." ते समाधानाने जेवले. शनिवारी त्यांना सामान रेल्वेत घालायचे होते, आणि मी सकाळच्या विमानाने निघाले. उड्डाणानंतर खाली तळी दिसली असतील. मी खिडकी सोडून वाटेकडची जागा मागून घेतली होती.

आपण आपल्या माणसांना काही दाखवायला नेतो, तेव्हा पुष्कळदा आपण काय पाहणार याचाच बेत आखतो. माझ्याकडे त्या दिवसाची दशभुजा देवीची सुरेख छायाचित्रे आहेत. ती मी कुणाला दाखवत नाही. शिष्यवृत्तीही मिळाली. चांगल्या प्रकाशासाठी एक संध्याकाळ राखून ठेवण्याऐवजी मी काकीला एकदा विचारले असते, की इथे दिवस कधी मावळतो, तर हे प्रवासवर्णन वेगळे झाले असते. त्या कोपऱ्यातल्या सूर्याची माहिती माझ्या शेजारी भाकरी थापत बसली होती.

मार्चमध्ये मी गावी गेले. तीन मजली घराच्या ओसरीवर काकी हरभरा निवडत होती. मी म्हणाले, "पुढच्या डिसेंबरात आपण दोघीच जाऊ. तिकिटं मी काढते. सगळ्यात आधी महाल."

"आता तकडं आपलं काय हाय गं? दुकान न्हाई, बिऱ्हाड न्हाई. नुसतं बगाय कोन जातंय एवढ्या लांब?"

मी आग्रह केला. ती हसून नाही म्हणाली आणि मी पुन्हा विचारल्यावर पुन्हा नाही म्हणाली. मग मी फोनवर नीरमहालाची छायाचित्रे काढून तिच्यापुढे धरली. तिने चष्मा लावून एकेक पाहिले. बहुतेक काठावरून घेतलेली होती, जिथे आम्ही बसलो होतो तिथूनच.

"ह्ये समदं भायेरनं हाय," ती म्हणाली. "आत उभं ऱ्हायल्याव कसं दिसतं गं? चारी अंगाला पानीच दिसत आसंल न्हवं?"

"दिसत असेल," मी म्हणाले.

तिने फोन माझ्या हातात दिला आणि सूप पुढे ओढले.