पहिला नंबर मोकळा

…तर काल आपण फ्लेक्सपाशी थांबलो होतो. मुरगूडच्या एसटी स्टँडसमोर, पार छपराच्या वर गेलेला! मधोमध आमच्या शेजारच्या झुंबरबाईची संयोगिता, हात जोडून. खाली तिचा चुलता विजयसिंह, गॉगल लावून. वर तांबडी अक्षरं: ‘भारताला जगात पहिला नंबर मिळवून देणाऱ्या आमच्या कन्येचा जाहीर सत्कार’. आणि निकाल अजून लागायचाच होता!

ही पोरगी करते काय, हे मागं ती सुट्टीला आली तेव्हा मला कळायला अख्खी संध्याकाळ गेली होती. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. एक संस्था दरवर्षी देशादेशांची परीक्षा घेते, हवामान सांभाळायला कोण किती राबलं त्याची. आणि आपल्या देशाचा पेपर तपासणाऱ्यांत ही. मी विचारलं, “बाई, धूर मोजता कसा? तो काय लिटरवर मिळतोय?” ती हसली आणि सांगतच सुटली. कोळसा किती जाळला, उन्हावाऱ्यावर वीज किती केली, माणशी धूर किती पडला, सरकार बोललं काय नि केलं काय. शिरोळच्या उसाला पाणी पाजणारी मोटार त्यात आली, शिरोलीतल्या लोखंड वितळवायच्या भट्ट्या आल्या. मी तोंडात बोट घालून बसलो. केवढा हा देश, आणि तो या पोरीच्या मांडीवरच्या कॉम्प्युटरात!

तशी ती पहिल्यापासूनच अशी. कॉलेजात असताना दूध संस्थेत दुधाचं फॅट काढायला बसायची, त्यावरच भाव ठरतो. एकदा आईचीच किटली आली, फॅट कमी लागलं. हिनं लागलं तेवढंच सांगितलं. झुंबरबाई भर रांगेत कडाडली, “अगं भवाने, त्याच म्हशीचं पिऊन वाढलीस की!”

“व्हय, म्हणूनच सांगतोय. पेंड वाढीव.”

माय घरभर भांडी आपटत फिरली. पेंड मात्र वाढवली.

तर सत्काराला संयोगिता आली आणि फ्लेक्स बघून जागच्या जागी थांबली. “काका, हे काय? आपला पहिला नंबर न्हाई. माणशी धुरात मार्क चांगले हायत, उन्हाच्या विजेतबी बरे. पण कोळशात कमी पडलेत. मीच दिलेत.”

“मग पहिला कुणाला दिला?” विजयसिंह तापला.

“कुणालाच न्हाई. वरचे तीन नंबर मोकळे ठेवलेत. पुरेसं कुणीच केलेलं न्हाई.”

मला काटाच आला हो अंगावर! आमच्याकडं रांगोळीपासून बैलगाडीच्या शर्यतीपर्यंत पहिला नंबर कधी मोकळा राहिलेला मी बघितला नाही. इथं सगळं जग परीक्षेला बसलं, आणि वरची जागा रिकामी!

विजयसिंहानं तिला बाजूला घेतलं. मी जवळच खुर्चीत होतो. “निकाल उद्या हाय न्हवं? एक फोन लाव. कोळशाचं मार्क जरा वाढीव. पहिला न्हाई तर न्हाई, वर तरी सरकू दे. आपलाच देश हाय की! तालुका गोळा झालाय, मी तोंड कुठं लपवू?”

संयोगितानं आईकडं बघितलं. झुंबरबाई ओवाळणीचं ताट धरून पदराआड हसत होती. मग पोरगी म्हणाली,

“काका, आईच्या म्हशीला वाढवून दिलं न्हाई, देशाला कसं देऊ? फ्लेक्स राहू दे, फोटो बरा आलाय. ‘पहिला नंबर’वर तेवढा कागद चिकटवा.”